तिसऱ्या कक्षेचं गणित

६ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

पाकिटावर आईचं अक्षर बघून तू हे उघडलं असणार आणि आत माझं निघालं म्हणून आता कपाळाला आठ्या पडल्या असणार. तक्रार तिच्याकडे कर. ती म्हणाली, "अहो, ती तुमचा फोन घेत नाही आणि घेतला तरी तुम्ही ऐकत नाही, नुसते बोलत सुटता. कागदावर लिहा. लिहिताना निदान मधे मधे थांबावं लागतं." मग तिने सहा पाकिटांवर तुझा पत्ता घालून ती माझ्यासमोर ठेवली. सहाच. सातवं मागितलं तर मिळणार नाही, असंही बजावलं. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, गोळ्या मोजून द्यायची सवय गेलेली नाही.

अकरा महिने झाले तुला जाऊन. तू बंदरावरच्या कचेरीत भरती-ओहोटीची वेळापत्रकं करतेस हे मला आईकडूनच कळलं. रविवारी ती तुझ्याशी दार लावून बोलते आणि बाहेर आल्यावर मला वेचक बातम्या पुरवते. म्हणजे तू आमचं खातं सोडलंस, पण चंद्राने काही तुला सोडलेलं नाही. हसलीस का जरा? नसशील.

आता कामाचं बोलतो. आपले सहा उपग्रह अजून कागदावरच आहेत. दोन-दोनच्या तीन कक्षा, चंद्राचा कुठलाही पट्टा चार-पाच दिवसांत पुन्हा नजरेखाली यावा अशी रचना, सगळं तू पाहिलं होतंस तसंच. ३० एप्रिलला शेवटची बैठक. तिथे सही झाली की आराखड्याला कुलूप लागतं आणि कारखान्यात काम सुरू होतं. जूनमध्ये मी निवृत्त. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या उपग्रहांच्या कक्षा आखल्या, हे सहा पहिल्यापासून शेवटपर्यंत माझे.

मागच्या वर्षीच्या त्या बैठकीत तू उभी राहून म्हणालीस, की तिसऱ्या कक्षेतले दोन्ही उपग्रह महिन्या-महिन्याला खाली सरकत जातील आणि एकशे त्रेचाळिसाव्या दिवशी चंद्रावर आपटतील. मी म्हणालो, "मी हे गणित ओळ न् ओळ वाचलंय. ही घाईत केलेली चूक आहे. घरी समजावतो." सगळे हसले. ते 'घरी समजावतो' मी म्हणायला नको होतं, हे मला कबूल आहे. सगळ्यांसमोर तू माझी मुलगी नव्हतीस, माझ्या गटातली अभियंता होतीस.

पण चूक ती चूक. म्हणून मी एक ठरवलंय. तुझं गणित पुन्हा काढायचं, नेमकं कुठे घसरलीस ते शोधायचं आणि तुला कळवायचं. लहानपणी तुझ्या वहीत मी कधी 'चूक' असं लिहिलं नाही. चुकलेल्या ओळीभोवती पेन्सिलने एक बारीक वर्तुळ काढायचो, बस्स. तू दोन-दोन दिवस त्या वर्तुळाशी झुंजायचीस आणि मग वही माझ्या खुर्चीवर ठेवून म्हणायचीस, "बाबा, बघा ना जमलंय का." तसंच एक वर्तुळ पाठवीन. मग तुझ्याही मनातली अढी जाईल.

आईने लोकरीचे मोजे विणलेत, वेगळे पाठवतेय.

तुझा,
बाबा


२३ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

सापडली नाही अजून. घाबरू नकोस, सापडेल.

तिसऱ्या पानावर कोनांत एक चूक होती, तिच्यावर मी झडप घातली, तर पुढच्याच पानावर तू ती स्वतः दुरुस्त करून खाली टीप दिलेली. लबाड आहेस. नवव्या पानावरचा तक्ता मात्र फार नेटका झालाय, दर महिन्याला सर्वात खालचा बिंदू किती उतरतो ते एका नजरेत कळतं. मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणजे इतका निवांत पहिल्यांदाच पाहिला.

आईला काल चहा पिताना समजावून सांगत होतो की चंद्र आतून सारखा नाही. त्याच्या पोटात जागोजागी जड गाठी आहेत, त्यांच्यावरून जाताना उपग्रह खाली खेचला जातो आणि पुढे गेला की मागे ओढला जातो. एका फेरीत काही कळत नाही, पण दिवसाला बारा फेऱ्या म्हटल्यावर हळूहळू वाट बिघडते. म्हणून ओढीचा नकाशा लागतो. ती म्हणाली, "मग तुमच्या दोघांकडे नकाशे वेगवेगळे आहेत का?" मी म्हटलं, छे, नकाशा एकच आहे, सगळी दुनिया तोच वापरते. ती म्हणाली, "एकच नकाशा, मग उत्तरं दोन कशी?" आणि कप विसळायला निघून गेली. निवृत्त झाली तरी बाईचा हात बरोबर दुखऱ्या जागी पडतो.

इंधनाचा हिशेब ठेवणारा तो आपला इंधनवाला आठवतो ना? रोज विचारतो, "सर, काय खोदताय एवढं?" मी सांगितलं, जुनं काम आवरतोय. उपग्रह इतके छोटे आहेत की त्यांच्या टाकीत वर्षभराच्या किरकोळ डागडुजीपुरतंच इंधन मावतं. तू म्हणतेस तसे ते घसरायला लागले तर चौथ्या महिन्यात टाकी कोरडी. पण तसं होणार नाही, कारण तुझं गणित चुकलेलं आहे.

मोजे बसतात का ते आईला सांग. ती मला सांगेल.

बाबा


९ मार्च

प्रिय मुंगे,

न्हाणीघराचा नळ गळतोय. प्लंबर दोनदा येऊन गेला, गळती तशीच. शेवटी मीच पाना घेऊन बसलो आणि होता तो आटाही घालवला. आईने बादली आणून ठेवली.

स्वयंपाकघरात तुझी यंदाची वेळापत्रकाची पुस्तिका टांगलेली आहे. समुद्र इथून एक दिवसाच्या प्रवासावर, पण बाईसाहेब रोज सकाळी बघतात आणि मला सांगतात, "आज साडेनऊला भरती." चहा उकळेपर्यंत मीही चाळतो. काम स्वच्छ आहे. एकच टोमणा मारतो, रागावू नकोस. पहिलं अर्धं पान नुसतं एवढंच सांगण्यात गेलंय की यातली प्रत्येक उंची कुठल्या पातळीपासून मोजली आहे. एवढं पाल्हाळ कशाला? पाणी म्हणजे पाणी.

गणिताचं नंतर लिहितो. इकडे कामाची गर्दी आहे.

बाबा


२१ मार्च

मुंगे,

कामाची गर्दी नव्हती. मी खोटं लिहिलं. मागचं पत्र लिहिलं त्याच्या चार दिवस आधीच मला सगळं कळलं होतं आणि मी नळाच्या गोष्टी सांगत बसलो.

घडलं ते असं. तुझ्या गणितात काही सापडेना, म्हणून मी म्हटलं तुझ्याकडच्या प्रतीत नकाशाच बिघडलेला असणार. तो उचलून माझ्या प्रोग्रॅममध्ये घातला. उपग्रह सुखरूप. वा! मग माझा नकाशा तुझ्या प्रोग्रॅममध्ये घातला, तर उपग्रह आपटले. एकशे त्रेचाळीस. म्हणजे नकाशाचा दोष नव्हता, प्रोग्रॅमचा होता. मग माझा प्रोग्रॅम वरपासून वाचायला घेतला. एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला. त्यानंतर मी फक्त त्याच्या शेपटाला नवीन भाग जोडत आलो, डोक्याकडे कधी फिरकलोच नाही.

चाळिसाव्या ओळीवर माझीच टीप आहे. "सध्यापुरते वीस. नंतर वाढवावे." खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख.

तुला सांगायला नको, पण लिहून टाकतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. नकाशा शेकडो पदांचा असतो. जितकी जास्त पदं घ्यावीत तितक्या बारीक गाठी दिसतात. तेव्हाचा आमचा संगणक शंभर पदांना पूर्ण दिवस घ्यायचा, म्हणून मी पहिल्या वीस पदांवर काम भागवलं. तात्पुरतं. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. तू मोठी झालीस, शिकलीस, माझ्याच गटात नोकरीला लागलीस आणि ते तात्पुरतं तिथेच बसून राहिलं. नकाशा नवा कोरा होता, पण माझा प्रोग्रॅम त्यातली पहिली वीस पदं वाचून बाकीच्यांकडे डोळेझाक करत होता. बारीक गाठी त्याला दिसतच नव्हत्या. तुला दिसल्या.

अजून एक आहे. हे लिहिताना दोनदा उठून खिडकीशी जाऊन आलो.

मी तुझं गणित ओळ न् ओळ वाचलं नव्हतं. एक ओळही वाचली नव्हती. तू बैठकीच्या आठवडाभर आधी फाईल पाठवलीस, वर लिहिलंस, 'बाबा, आधी तुम्ही बघा, मग मी सगळ्यांना पाठवते.' मी ती उघडलीच नाही. तिसरी कक्षा बरोबर आहे हे मला माहीत होतं, मग बघायचं काय? आणि बैठकीत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या तेव्हा तोंडातून निघून गेलं, ओळ न् ओळ वाचलंय. सराईतासारखं निघून गेलं. पहिल्या पत्रातही मी तेच पुन्हा लिहिलं, बघ.

तुझी फाईल मी पहिल्यांदा उघडली ती यंदा ७ फेब्रुवारीला. तेराव्या पानावर तू उपायही लिहून ठेवला होतास. तिसरी कक्षा सहा अंशांनी उभी करा, तिथे खालच्या-वरच्या ओढी एकमेकींना मारतात आणि उपग्रह वर्षानुवर्षं टिकतात. सहा अंश! भांडण नव्हतंच ते. तू पडणारी गोष्ट सावरून माझ्या हातात ठेवली होतीस आणि मी हात पुढेच केला नाही.

मला वाटायचं सगळे हसले म्हणून तू गेलीस. आता वाटतं, मी वाचलेलं नाही हे तुला त्याच क्षणी समजलं होतं. माझ्या चेहऱ्यावरून तुला नेहमीच समजायचं.

माफ कर, असं लिहिणार होतो. पण आधी ३० एप्रिलला काय करतो ते होऊ दे. नुसत्या शब्दांवर तू का विश्वास ठेवावास?

बाबा


१ मे

प्रिय मुंगे,

काल बैठक झाली. जसं झालं तसं सांगतो, स्वतःला हिरो करत नाही.

इंधनवाल्याला मी आधी सांगितलं होतं. सांगावंच लागलं, कक्षा बदलली की त्याचे सगळे आकडे बदलतात. बिचाऱ्याने आधी डोकं धरलं आणि मग माझ्यासाठी वाट काढली. म्हणाला, "सर, एवढं मनाला लावून घेऊ नका. नवे संगणक आले, आता जास्त पदं घेता येतात, म्हणून आकडे सुधारले. एवढंच म्हणा. खोटं तर नाही ना? दीड महिन्यात तुमचा निरोपसमारंभ, कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेता?"

मुंगे, मला ते पटलं होतं. तुला खोटं सांगणार नाही, अगदी मनापासून पटलं होतं. बैठकीच्या खोलीत जाताना माझ्या खिशातल्या कागदावर तेच वाक्य होतं आणि मी सुरुवातही तशीच केली. "नवीन संगणकांमुळे आता आपल्याला..." एवढं बोललो आणि समोर तुझी खुर्ची दिसली. खिडकीकडून तिसरी, डावा हात मोडलेली. अजून तशीच आहे, कुणी दुरुस्त करत नाही आणि टाकतही नाही. त्यात एक नवीन मुलगी बसली होती. ती मान खाली घालून माझं वाक्य शब्द न् शब्द उतरवून घेत होती.

मी म्हटलं, "थांबा. हे लिहू नका."

मग सगळं सांगितलं. वीस पदं, एकोणीस वर्षं, चाळिसावी ओळ. तुझं नाव, तुझी तारीख, तुझे सहा अंश. आणि म्हटलं, "मागच्या वर्षी याच खोलीत मी म्हणालो होतो की मी तिचं गणित ओळ न् ओळ वाचलंय. मी ती फाईल उघडलीच नव्हती."

खात्याच्या प्रमुख बाई कितीतरी वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचलंय म्हणालात म्हणून मीही वाचलं नाही. इथल्या कुणीच वाचलं नाही." मग थोड्या वेळाने, "चौदा महिने दोन उपग्रह हवेतच होते म्हणायचे." कुणी हसलं नाही.

निकाल असा. आराखड्याला कुलूप लागलं नाही. उड्डाण आठ महिने पुढे गेलं आणि आराखड्यावरची सहीसुद्धा आता मी नोकरीत असताना होणार नाही. कक्षांचं प्रमुखपद माझ्याकडून काढून घेतलं. ते योग्यच झालं, मीही तेच केलं असतं. जूनपर्यंत साधा तपासनीस म्हणून बसेन. प्रमुख बाई तुला खात्यातर्फे स्वतंत्र पत्र लिहिणार आहेत. त्यात त्या परत बोलावतील असं दिसतं. जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यात पडणार नाही. बंदरावरचं काम तुला आवडतं असं आई म्हणते आणि आवडत असेल तर तिथेच राहा.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "सगळं सांगितलंत? फाईलचंसुद्धा?" तिला फाईलचं माहीत होतं! तू पहिल्याच रविवारी सांगितलं होतंस म्हणे. चौदा महिने ही बाई मूग गिळून माझ्यासमोर जेवायला बसत होती. मी विचारलं, "मग मला का नाही बोललीस?" तर म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असता."

आता लिहितो. माफ कर मला. गणित चुकलं त्याबद्दल नाही, गणितं चुकतात. तू माझ्यावर विश्वास ठेवून आधी मला दाखवलंस आणि मी ते पाहिलं नाही, त्याबद्दल.

सोबत नव्या आराखड्याची चौदा पानं जोडली आहेत. तुझ्या सहा अंशांवर मी पुन्हा सगळं मांडलंय, आता शंभर पदांनी. जमलं तर बघ. नाही बघितलंस तर तक्रार करायला मला तोंड नाही, तेवढं मला कळतं.

बाबा


१९ मे

प्रिय, प्रिय मुंगे,

हे सहावं पाकीट. आईने निक्षून सांगितलंय, यानंतर पत्ता पाठ करा.

बुधवारी सकाळी मी त्याच गळक्या नळाशी झटत होतो, तेव्हा ती जाडजूड पाकीट घेऊन आली. तुझं अक्षर. ओल्या हातांनी उघडायला निघालो तर तिने हातावर चापट मारून आधी टॉवेल दिला. आत माझीच चौदा पानं, पत्र नाही. मी पाकीट झटकून पाहिलं, उलटं करून पाहिलं. एक चिटोरंसुद्धा नाही. खरं सांगतो, वाटलं, पोरीने न वाचता साभार परत पाठवलं, आणि तेवढं मला मिळायलाच हवं होतं.

मग अकरावं पान दिसलं. चौथ्या ओळीभोवती पेन्सिलने काढलेलं एक बारीक वर्तुळ.

मी तिथेच न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो. आई घाबरली, म्हणाली, "काय झालं हो? काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही लिहिलं. चूक काढलीय." आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, लपवत नाही. तिने पान हातात घेतलं, वर्तुळ पाहिलं आणि तीही शेजारी टेकली. आम्ही दोघं म्हातारे बराच वेळ तिथे बसून होतो आणि नळ आपला ठिबकत होता.

पण चूक कुठली, ते कळेना! ओळ साधी होती. तिसऱ्या कक्षेतल्या सर्वात खालच्या बिंदूची उंची एकतीस किलोमीटर. नियम किमान पंचवीसचा, म्हणजे सहा हातात राखून. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकतीस. बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन दिवस मी त्या वर्तुळाशी झुंजलो. तू सातवीत कशी चिडायचीस आणि तरी विचारायला यायची नाहीस, ते आठवत होतं. मीही कुणाला विचारलं नाही.

शुक्रवारी चहा ठेवला आणि तुझी पुस्तिका चाळायला घेतली. पहिलं अर्धं पान. यातली प्रत्येक उंची कुठल्या पातळीपासून मोजली आहे.

चहा उतू गेला.

एकतीस किलोमीटर, पण कशापासून? मी चंद्राच्या सरासरी पातळीपासून मोजले होते. आणि तो बिंदू नेमका पलीकडच्या बाजूला डोंगराळ भागावर येतो, तिथली जमीन सरासरीपेक्षा आठ किलोमीटर उंच आहे. म्हणजे खरं अंतर तेवीसच. नियमापेक्षा दोन कमी. पस्तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला दिसलं नाही आणि बंदरावर वर्षभर पाणी मोजणाऱ्या पोरीला दिसलं. त्या अर्ध्या पानाला मी पाल्हाळ म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो.

आणखी एक गोष्ट मला काल दिसली. दुरुस्ती करायला पानं पुन्हा एकदा हाताळत होतो तेव्हा. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलची इवलीशी टिंबं आहेत. मोजली. ज्या पानावर तीस ओळी तिथे तीस, ज्यावर सत्तावीस तिथे सत्तावीस. चौदाही पानांवर. तू एकेक ओळ वाचून एकेक टिंब दिलं आहेस.

तू काही लिहिलं नाहीस. लिहायची घाई नाही, परत कधी बोलायचं ते तू ठरव, आणि नाही ठरवलंस तरी ही चौदा पानं माझ्यापाशी आहेत. मी ती कपाटात ठेवली नाहीत, टेबलावरच ठेवली आहेत.

सुरुवातीची उंची वाढवून अकरावं पान पुन्हा केलं आहे. सोबत पाठवतो.

मुंगे, बघ ना जमलंय का.

बाबा